सासरी नांदलेले गाणे

काही गाणी एका घरी जन्मतात आणि दुसऱ्याच घरी नांदतात. आपल्याला याचे फारसे नवल नाही. बालगंधर्वांनी गाजवलेली पदे पुढे किती जणांनी गायिली! कुणी ती खुलवली, कुणी त्यांची पार रया घालवली. श्रोत्यांनी सगळ्यांना क्षमा केली आणि मनात एकच गळा जपून ठेवला. पण ज्याने गाणे स्वतः रचले, स्वतः गायिले, आणि ज्याचा गळाही काही साधासुधा नव्हता, त्याच्या हातून ते दुसऱ्या कुणी उचलून न्यावे, आणि तेही पार उलटे फिरवून, ही गोष्ट विरळाच. अशा एका अमेरिकन गाण्याची हकीकत आज सांगायची आहे.

माझे धाकटे दीर बोटीवर नोकरीला होते. १९७४ साली सुट्टीवर येताना त्यांनी दोन तबकड्या आणल्या. एक ओटिस रेडिंग या गायकाची, दुसरी अरीथा फ्रँकलिन या गायिकेची. दोन्हींवर एक गाणे समाईक होते : ‘रिस्पेक्ट’. आमच्या ह्यांना रेडिंगचे आवडले, मला अरीथाचे. तेव्हापासून या विषयावर आमच्या घरात जी तेढ आहे ती अजून मिटलेली नाही; आणि खरे सांगायचे तर ती मिटावी अशी दोघांचीही इच्छा नाही.

या संगीताला तिकडे ‘सोल’ म्हणतात. काळ्या लोकांच्या देवळातल्या भजनाचा आवेश संसाराच्या सुखदुःखांना लावला, की सोल झाले, असे ढोबळ मानाने समजावे. रेडिंग जॉर्जियाचा. जुलै १९६५ मध्ये मेंफिस गावी त्याने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तो स्टुडिओ म्हणजे एक जुने सिनेमाचे थिएटर होते. खुर्च्या काढल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिला होता. गाण्याच्या जन्माची कथाही घरगुती आहे. सारखे गावोगाव फिरून वैतागलेला रेडिंग कुरकुर करू लागला, तेव्हा ड्रम वाजवणारा अल जॅक्सन त्याला म्हणाला, की बाबा रे, आपल्यासारख्याने घरी गेल्यावर थोडासा मान मिळावा, याहून जास्त कसली आशा धरावी! तेच शब्द मनात धरून त्याने गाणे रचले, असे सांगतात.

गाण्यातला नवरा म्हणतो, मी मिळवतो ते सगळे तुझेच. माझ्यामागे तू काय करतेस तेही मी विचारत नाही. फक्त घरी आलो की मान दे. पितळी वाद्ये घाईने पुढे धावतात आणि त्यांच्यामागे हा घोगरा, दमलेला गळा. गाणे बरे चालले. अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत ३५व्या क्रमांकापर्यंत चढले. ‘‘बघ, किती गरीब मागणे आहे बिचाऱ्याचे!’’ असे आमचे हे अजूनही म्हणतात.

अरीथाचा जन्म मेंफिसचाच, १९४२ सालचा. म्हणजे गाण्याचे आणि तिचे माहेर एकच. वाढली मात्र डेट्रॉइटला. वडील तिथले नावाजलेले धर्मोपदेशक, त्यामुळे गळा देवळात तयार झालेला. एका मोठ्या कंपनीत तिची पाच-सहा वर्षे मिळमिळीत गाणी गाण्यात गेली. मग ती अटलांटिक कंपनीकडे आली, आणि १९६७ साली १४ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये तिने ‘रिस्पेक्ट’ ध्वनिमुद्रित केले. त्या आधी ती ते जलशांतून गातच होती, तेव्हा चाल तिच्या अंगी मुरलेली होती. पियानोवर ती स्वतः बसली. मागे साथीला सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा.

तिने केले काय? मूळ गाण्यात मध्ये विसावा नव्हता. इथे किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनचा तुकडा घातला, आणि त्याखालची स्वरसंगती सॅम आणि डेव्ह या जोडीच्या एका गाण्यातून उचलली. मग सगळी वाद्ये थबकतात आणि ती त्या इंग्रजी शब्दाची सातही अक्षरे एकेक करून सुनावते. मास्तरीणबाई ढ मुलाला फळ्यापाशी उभे करून स्पेलिंग घोकवतात तसे! रेडिंगच्या गाण्यात हे नाही. बहिणी मागून त्या शब्दाची पहिली ‘री’ पुन्हा पुन्हा घोळवतात. अरीथाचे लाडके नावही ‘री’च. म्हणजे मान कुणाला द्यायचा, हेही त्यांनी हळूच सांगून टाकले.

आणि शब्द फिरवले. ही बाई म्हणते, तुला हवे ते माझ्यापाशी आहे; पैशाचे म्हणशील तर तेही माझ्याजवळ आहेत. रेडिंगचा नवरा मान मागतो. ही मागत नाही. थकबाकी वसूल करते.

ते गाणे प्रथम ऐकले तेव्हा मी एका बँकेत नोकरीला होते. पगाराचे पाकीट सासूबाईंच्या हाती देत असे. त्या ते देवापुढे ठेवत, मग कपाटात. सासूबाई वाईट नव्हत्या, घरात कुणी उणे बोलत नसे. पण सहाची गाडी पकडून आम्ही दोघे एकदमच घरी येत असू, तेव्हा पाण्याचा तांब्या ह्यांच्यापुढे येई आणि माझ्यापुढे कणकेची परात. दोघांच्याही पायांना तेवढीच रग लागलेली असे. इंग्रजी गाण्याचे शब्द मला त्या दिवशी निम्मे कळले नाहीत. परातीचा मात्र अर्थ एकदम कळला. मी काही बंड केले नाही. पुढच्या महिन्यापासून पाकीट स्वतः कपाटात ठेवू लागले, इतकेच. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाची दुसरी किल्ली माझ्या हातात दिली.

‘रिस्पेक्ट’ला मराठीत काय म्हणावे? आदर फार पुस्तकी होतो. मान बरा, तो खाली घालायचाही असतो आणि ताठ ठेवायचाही. आपल्याकडे तो क्रियापदातच बसलेला असतो : मी ह्यांना ‘अहो’ म्हणते, हे मला ‘अगं’. इंग्रजीत ही सोय नाही, पण अपमानाची सोय सगळ्याच भाषांत असते. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या बाईला ‘मिस’ लावत आणि काळ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत. १९६३ साली अलाबामाच्या एका कोर्टात वकिलाने मेरी हॅमिल्टन यांना नुसते ‘मेरी’ म्हटले. त्यांनी सांगितले, मला ‘मिस हॅमिल्टन’ म्हणेपर्यंत उत्तर देणार नाही. पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड झाला. प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेले आणि १९६४ साली त्या जिंकल्या. तीनच वर्षांनी अरीथाचे गाणे आले. ते काळ्यांच्या हक्कांचे आणि बायकांच्या चळवळीचेही गाणे का झाले, ते आता वेगळे सांगायला नको.

जून १९६७ मध्ये ते दोन आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्याच महिन्यात मॉंटेरीच्या महोत्सवात रेडिंगने ते गायिले आणि श्रोत्यांना हसत सांगितले, की हे गाणे एका मुलीने माझ्याकडून नेले. मला त्याची ही दिलदारी फार आवडते. इथे मी ह्यांच्या बाजूची. पुढे सहाच महिने गेले. १० डिसेंबरला विस्कॉन्सिनमधल्या एका सरोवरात त्याचे विमान कोसळले. वय २६.

बाकीच्या गायकांची गोष्ट थोडक्यात आटपते. अरीथाच्या आधी, १९६६ साली, मिशिगनच्या रॅशनल्स नावाच्या गोऱ्या पोरांनी ते गायिले. मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांनी संसाराला कंटाळलेल्या नवऱ्याचे गाऱ्हाणे गावे, याची मौज वाटते. १९८९ साली अडीवा या गायिकेने त्याला नाचघराचा ठेका दिला. हे मी नातीच्या फोनवर ऐकले. गळा जोरकस आहे, पण ठेका इतका नियमित, की भांडण कुठे दिसेना. २०२१ साली अरीथाच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्याचेही नाव ‘रिस्पेक्ट’. त्यात जेनिफर हडसनने ती गाणी समर्थपणे गायिली आहेत. गंमत अशी, की अलीकडचे गायक गातात ते अरीथाचे गाणे. रेडिंगचे फारसे कुणी गात नाही.

ह्यांच्या हातात मात्र एक हुकमाचे पान आहे, आणि ते टाकल्याशिवाय ते राहत नाहीत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे साध्या रेडिओवर गाणे वाजले, की रचणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. इंटरनेटवरच्या प्रसारणाचे थोडेफार मिळू लागले, तेही पुष्कळ उशिरा. म्हणजे लेक सासरी नांदली, सासरचे नाव लावून जगभर गाजली, आणि तिची मिळकत माहेरी जात राहिली. १६ ऑगस्ट २०१८ रोजी अरीथा डेट्रॉइटमध्ये वारली, तेव्हा रेडिओ केंद्रांनी हे गाणे पुन्हा पुन्हा लावले. त्या प्रत्येक खेपेची रचनाकाराची दक्षिणा रेडिंगच्या घरी गेली.