पन्नास मिनिटांचे माहेर

रायपूरच्या अनेक मराठी घरांचे सोयरसंबंध नागपूरकडचे. भोसल्यांच्या काळापासूनचे हे येणे-जाणे. १९५६ पर्यंत तर रायपूरची राजधानीही नागपूरच होती. म्हणून 'नागपूर किती लांब?' हा प्रश्न या घरांत भूगोलाचा नसतो. लग्न, बाळंतपण, आजारपण यांचा असतो.

रस्त्याने हे अंतर २९० किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने सुमारे ३००. विमान तरी किती जवळून जाणार? माना येथील विमानतळापासून नागपूरच्या सोनेगावपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती २८० किलोमीटर भरते. दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, एक पूर्वेला, दुसरे पश्चिमेला.

तात्यापाऱ्यातल्या एका घरी रात्री साडेनऊला फोन आला. आजींच्या धाकट्या भावाची सकाळी नऊला शस्त्रक्रिया ठरली होती. नातवाने चटकन मोबाइल काढला. ''आजी, काळजी करू नकोस. विमानाने नागपूर फक्त पन्नास मिनिटं!''

आकडा तसा खोटा नव्हता. पंख्याचे छोटे विमान तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, म्हणजे हवेतला प्रवास जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा. वेळापत्रकात मात्र विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे थांबेपर्यंतचा वेळ धरतात, म्हणून तो वाढलेला दिसतो. एवढ्या थोड्या अंतरात मोठ्या जेट विमानाचाही फारसा उपयोग नाही. पुरती उंची गाठते न गाठते तोच उतरायची तयारी!

पण सूनबाई हिशेबाला पक्क्या. ''अरे, मान्याला जायला अर्धा-पाऊण तास, तिथे दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर सामान, रिक्षा... ते कोण धरणार?'' शिवाय सकाळी थेट विमानच नव्हते. जे होते ते मुंबईवरून. आधी साडेनऊशे किलोमीटर पश्चिमेला जायचे, तिथे ताटकळायचे आणि मग अर्ध्याहून अधिक वाट मागे यायचे. पोहोचायला दुपार.

मानाच्या या विमानतळाला २०१२ मध्ये स्वामी विवेकानंदांचे नाव दिले गेले. १८७७ मध्ये बाल नरेंद्र रायपूरला आला तेव्हा इथवर रेल्वे नव्हती. जंगलातून बैलगाडीचा प्रवास पंधरा दिवसांहून अधिक चालला होता. त्या मानाने आजींचे बरेच बरे म्हणायचे.

हावडा-मुंबई मार्गावरची एक गाडी बाराच्या सुमारास होती. सूनबाईंनी दशम्या बांधल्या, नातू सोबत निघाला. दुर्ग, राजनांदगाव गेले. डोंगरगडला बम्लेश्वरीच्या टेकडीवरचे दिवे दिसताच आजींनी खिडकीतूनच हात जोडले. गोंदियाला फलाटावर मराठी कानी पडली तशी त्यांना जरा डुलकी लागली. पाच-साडेपाच तासांनी नागपूर.

सातला त्या भावाच्या उशाशी होत्या. त्याने डोळे उघडले, बहिणीचा चुरगळलेला पदर पाहिला आणि हळूच विचारले, ''अक्का, विमानाने आलीस का गं?''

''नाही रे,'' आजी म्हणाल्या, ''लवकर यायचं होतं.''