लोणावळ्याचा तोटीचा तांब्या

लोणावळ्याला माणसे जातात ती पावसात भिजायला, आणि परततात चिक्कीची पुडकी घेऊन. चोंदलेले नाक घेऊन तिथे जाणे म्हणजे सर्दीला माहेरी पोचवण्यासारखेच! पण आमच्या सौ.चे नाक वर्षभर बंद होते. कपाळ जड, गाल सुजल्यासारखे, आणि वास तर पार गेलेला. बेसन खमंग भाजले की नाही, हे धाकट्या लेकीला विचारावे लागे. डॉक्टरांनी औषध दिले आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितले. तिला धीर होईना. कुणी समोर उभे राहून शिकवणारे हवे होते; म्हणून लोणावळा.

बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकर हवापालटासाठी ही चढण चढत आला आहे. एकामागून एक बोगदे मागे पडतात, कान दडे बसल्यासारखे होतात, आणि सुमारे दोन हजार फुटांवर गार वारा अंगावर येतो.

इथेच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. योगक्रिया नुसत्या श्रद्धेने न स्वीकारता प्रयोगशाळेत तपासून पाहायच्या, हा त्यांचा बाणा. त्या क्रियांपैकी एक नेति. ‘हठयोगप्रदीपिके’त ती सुताने करायला सांगितली आहे, संसारी माणसाला पाण्याची जलनेतिच बरी! मान वाकडी करायची, तोंडाने श्वास घ्यायचा, आणि तांब्याची तोटी वरच्या नाकपुडीला लावायची. पाणी खालच्या नाकपुडीतून सुखाने वाहून जाते. पहिल्या दिवशी सौ. घाबरली, दुसऱ्या दिवशी हसली. चौथ्या दिवशी वाटेत थबकून म्हणाली, “अहो, मातीचा वास येतोय!”

यात चमत्कार काही नाही. गालाच्या हाडातल्या पोकळीचे तोंड तळाशी नसून वरच्या अंगाला असते. आतला चिकट स्राव आपोआप ओघळत नाही. सूक्ष्म केसांना तो वर ढकलावा लागतो. सुजेने वाट बुजली की तो साचतो. खारे पाणी नाकातला चिकटा पातळ करून धुऊन नेते, आणि वाट मोकळी व्हायला मदत होते.

मात्र दोन पथ्ये हवीत. अर्धा लिटर पाण्याला सपाट चमचाभर मीठ घालावे. नुसते पाणी नाकाला झोंबते. आणि पाणी उकळून कोमट केलेलेच घ्यावे. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसे अमीबाच्या संसर्गाने दगावली. ताप, डोळ्याभोवती सूज किंवा असह्य डोकेदुखी असेल, तर तांब्या बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावा.

सौ.चे दुखणे मुळासकट गेले असे नाही. ऋतू पालटला की नाक कुरकुरते. पण हवापालटाचा गुण परतीच्या गाडीत उतरू लागतो, तसे याचे नाही. लोणावळ्याची हवा घाटावरच राहिली. तांब्या दादरच्या मोरीत रोज सकाळी कामाला येतो.