शेवटचे कोर्ट

2018 च्या वसंतात आम्ही उभयता कॅलिफोर्नियात मुलीकडे राहायला गेलो होतो. एके दिवशी सकाळी जावईबापूंनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुलींच्या टेनिस सामन्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर संघाच्या प्रशिक्षिकेचे नाव छापले होते : लेले! मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. ‘‘अगंबाई, ही तर आपल्यातली!’’ सौभाग्यवती म्हणाल्या. या लेले पुण्याच्या की सांगलीच्या यावर आमचा वाद रंगणार, तोच जावई हसून म्हणाले, ‘‘आई, लेले हे त्यांचं पहिलं नाव. आडनाव फोरूद.’’ वाद तिथेच मिटला. पण सामना पाहायला जायचे मात्र ठरून गेले.

टेनिसमधले मला फारसे कळत नाही. पण सतरा वर्षे मी सकाळी शाळेत बीजगणित आणि संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवला आहे. तेव्हा कुठेही मुली खेळताना दिसल्या की माझे पाय आपोआप थबकतात, आणि नजर आधी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. हा आपल्या जातीचा, असे वाटते.

तिथला हिशेब मोठा मजेदार आहे. आधी दुहेरीच्या तीन जोड्या खेळतात. त्यांतल्या दोन जिंकल्या की संघाला एक गुण. मग एकेरीचे सहा सामने सहा कोर्टांवर एकाच वेळी सुरू होतात. प्रत्येकाला एक गुण. एकूण गुण सात. ज्याचे आधी चार झाले तो संघ जिंकला. सगळ्यांत तरबेज मुलगी पहिल्या कोर्टावर आणि त्या मानाने कच्ची सहाव्या कोर्टावर. पण गुण दोघींचा सारखाच! पहिलीचा गुण रुपयाचा आणि सहावीचा चार आण्यांचा, असे नाही. शिवाय व्यावसायिक टेनिसमध्ये जे फार वर्षे निषिद्ध होते ते इथे चालते : प्रशिक्षकाने कोर्टात जावे, बाजू बदलताना मुलीशी दोन शब्द बोलावे.

आता गंमत पाहा. कोर्टे सहा आणि मुख्य प्रशिक्षिका एक. हाताशी साहाय्यक असले, तरी एका वेळी सहा ठिकाणी कोण उभे राहणार? त्या दुपारी मला पहिला प्रश्न पडला तो हाच : बाईंनी उभे राहायचे कुठे?

घरी येताना जावयांनी सगळा इतिहास सांगितला. 1972 च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करायला बंदी झाली, आणि अमेरिकेत मुलींच्या खेळांना दिवस आले. 1982 साली महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने, म्हणजे एनसीएएने, मुलींची टेनिसस्पर्धा प्रथम भरवली. ती स्टॅनफर्डनेच जिंकली. तेव्हाचे प्रशिक्षक फ्रँक ब्रेनन. त्यांनी 1979 ते 2000 या काळात दहा विजेतेपदे मिळवली, त्यांतली सहा तर 1986 पासून ओळीने! फोरूदबाई स्वतः 1970 च्या दशकात याच विद्यापीठाकडून खेळलेल्या. पुढे काही वर्षे व्यावसायिक टेनिस खेळून त्या ब्रेनन यांच्या हाताखाली आल्या. 2000 साली त्यांची जागा बाईंकडे आली. असल्या माणसाच्या मागून येणे म्हणजे गाजलेल्या सासूच्या स्वयंपाकघरात शिरणे! पण 2001 साली बाईंनी विजेतेपद मिळवले, 2002 साली पुन्हा. मग 2004 पासून ओळीने तीन. 2019 पर्यंत त्यांचीही दहा भरली.

कोणी म्हणेल, नामवंत विद्यापीठात उत्तम मुली आपण होऊन येतात, त्यात बाईंचे काय? मीही तसेच म्हणालो. तेव्हा जावयांनी सांगितले, की 2013 साली या संघाला मानांकन होते बारावे आणि 2016 साली पंधरावे. दोन्ही वेळा अंतिम सामना जिंकला 4–3 असा. आणि आम्ही परत आल्यावर मे महिन्यात मुलीचा फोन आला : ‘‘बाबा, यंदाही पंधरावं मानांकन आणि पुन्हा 4–3!’’

4–3 म्हणजे सातांतले तीन गुण गमावलेले. कुठल्या तरी कोर्टावर कोणी तरी हरलेले. अशा वेळी चौथा गुण कोणत्या कोर्टावरून येईल हे कोणालाच सांगता येत नाही. तो शेवटच्या कोर्टावरूनही येतो. म्हणून त्या कोर्टावरच्या मुलीला वर्षभर, सामन्याच्या कितीतरी आधी, ‘तूही मोजली जातेस’ हे पटवून ठेवावे लागते. ते एकदा पटले, की बाई कुठेही उभ्या राहोत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले, आणि मी मनातून ओशाळलो. सतरा वर्षे मी उभा राहिलो तो आमच्या सर्वांत चपळ मुलीकडे पाहत. एका वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात शेवटच्या पाटीवरची एक लहानखुरी मुलगी ‘खो’ मिळाल्यावर उठायला क्षणभर चुकली. आम्ही एका गुणाने हरलो. सगळ्यांच्या देखत मी तिला म्हणालो, ‘‘तुझ्यामुळे घालवलं!’’ दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही, आणि मीही तिला बोलावणे धाडले नाही.

बऱ्याच वर्षांनी ती एसटी स्टँडवर भेटली. वाकून नमस्कार केला. म्हणाली, ‘‘सर, मी खो-खो खेळायची. आठवते का तुम्हांला?’’ मला आठवत होती ती फक्त तिची चूक. तिचे नाव मात्र आठवेना. मी ‘हो हो’ म्हणालो. आणि माझ्या ‘हो’चा पोकळपणा तिला कळला, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसले.

कॅलिफोर्नियाहून परतल्यावर मी ट्रंकेतली हजेरीची जुनी वही शोधून काढली. नाव सापडले, यादीत शेवटचेच होते. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींकडे चौकशी करकरून आता कुठे पत्ता मिळाला आहे. पत्र लिहायला बसलो, पण दोन ओळींपुढे सरकेना. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘पत्र कशाला? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन जाऊन या. आणि गेल्यावर आधी नावानं हाक मारा.’’

डबा भरून झाला आहे. नाव मी पाठ केले आहे.