चौदा दिवस जास्त

माझ्या जावेचा मुलगा कुवेतला इलेक्ट्रिशियन आहे. आता कायमचा घरी येतो म्हणाला, आणि "काकी, सामान काय काय आणू, कस्टम किती बसेल?" असे फोनवर विचारू लागला. त्याला जे सांगितले तेच जरा सविस्तर लिहावे असे वाटले. आपल्या समाजातली पुष्कळ मुले आज आखातात राबत आहेत, आणि ही माहिती एजंटाच्या तोंडून नेहमी अर्धीच कळते.

आमचे गाव अंथुर्णे, बारामती-इंदापूर रस्त्यावर. माझे पती वेल्डिंग शिकले ते वालचंदनगरला, एका ठेकेदाराच्या हाताखाली. साखर कारखान्यांची यंत्रे तेथे बनतात, म्हणून आमच्या भागातल्या पोरांचा हात वेल्डिंगला बसलेला असतो. पण ठेकेदाराकडचे काम कधी आहे कधी नाही. शेवटी 2001 साली हे सौदी अरेबियात जुबैलला गेले आणि 2010 च्या डिसेंबरात कायमचे परत आले. नऊ वर्षांत घराला पक्की भिंत आली, मुलगी बारामतीला कॉलेजात गेली. आणि त्याच काळात आत्याबाई अंथरुणाला खिळल्या.

आत्याबाईंना 2009 मध्ये अर्धांगवायू झाला. हे 68 दिवस रजा घेऊन आले. पुढच्या वर्षी त्यांचे जास्त झाले तेव्हा बिनपगारी रजेवर पुन्हा आले आणि 129 दिवस राहिले. आत्याबाई ह्यांच्या मांडीवर गेल्या. जलदान विधी झाला, पुण्यानुमोदनाला भावकी जमली, त्यानंतरच हे परत गेले. करारातले उरलेले महिने पुरे करणे भागच होते.

येताना काय आणायचे याची चर्चा वर्षभर आधीपासून चालू होती. सोने फार आणता आले नाही. तेव्हा वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या पुरुषाला फक्त 10,000 रुपयांचे दागिने माफ होते, बाईला 20,000 चे. त्या वेळच्या भावाने पुरुषाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तोळा येई. ही मर्यादा पुढे 2013 साली वाढून पुरुषाला 50,000 आणि बाईला 1 लाख झाली. आम्हाला तिचा काही उपयोग नव्हता. मुलीच्या कानातले तेवढे आणले.

बाकीचे सामान जहाजाने येणार होते. भांडी, ब्लँकेटे, शिलाई मशीन आणि कपडे धुण्याचे मशीन. ते मशीन ह्यांनी तेथल्या खोलीत वापरायला घेतले होते. खोलीत सहा जण, मशीन एकट्या ह्यांचे. आत्याबाईंच्या आजारपणात रोजच्या गोधड्या आणि चादरी मी हाताने धूत होते ते ह्यांनी रजेत पाहिले होते. तेव्हाच ठरवले होते म्हणे, की हे मशीन घरी न्यायचे. ते घरी पोचले तेव्हा धुवायच्या चादरी राहिल्या नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

जहाजाने सामान पाठवायचे म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची आठवण येते. 1917 साली बाबासाहेब लंडनहून निघाले, तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. पुस्तके आणि सामान थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या जहाजाने पाठवले होते. ते जहाज टॉर्पेडोने बुडाले. बाबासाहेब ऑगस्टमध्ये मुंबईत सुखरूप उतरले, पुस्तके समुद्रात गेली. सामानाची जी भरपाई मिळाली त्या पैशातून ते बडोद्याच्या नोकरीवर गेले. आमचे सामान येईपर्यंत मी हे मनात घोळवत होते.

विमानतळावर मात्र सारे सुरळीत झाले. ह्यांच्या हातात हत्यारांची पेटी होती. 1998 च्या बॅगेज नियमांत परदेशी काम करून येणाऱ्याची कामाची हत्यारे ठरावीक किमतीपर्यंत माफ होती, आणि कोणाची हत्यारे ते नियमात नावानिशी लिहिले होते: सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी. मुलीने बारामतीहून नियमांचे चार कागद छापून आणले होते, त्यात हे वाचून मला फार बरे वाटले. सरकारी कागदात साहेबांचीच नावे असतात असे आपण धरून चालतो. पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचा फोटो चिकटवलेला होता. तेथे उघडपणे भिंतीवर काही लावायची सोय नव्हती, म्हणून नऊ वर्षे तो झाकणाच्या आतच राहिला. अधिकाऱ्याने झाकण उघडले, फोटो पाहिला, काय काम करता विचारले आणि झाकण लावले. ट्रॉलीजवळचा हमाल पोरगा तेवढा हळूच "जयभीम" म्हणाला.

घोळ झाला तो जहाजाच्या सामानाचा. बिऱ्हाड हलवून कायमचे परत येणाऱ्याला कस्टमची मोठी सवलत असे. तिच्या अटी तीन. मागची दोन वर्षे परदेशात राहिलेला असावा, त्या दोन वर्षांत मधल्या भेटींचे भारतातले दिवस मिळून सहा महिन्यांच्या वर जाऊ नयेत, आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी. पहिली आणि तिसरी अट ह्यांच्याबाबत ठीक होती. दुसरीवर गाडे अडले. पासपोर्टवरचे शिक्के मोजले तर 68 आणि 129 मिळून 197 दिवस. सहा महिन्यांच्या वर चौदा दिवस! आत्याबाई गेल्यानंतर विधीसाठी जे दिवस हे थांबले, बरोबर तेच वर गेले.

मोठी सवलत गेली तरी लहान सवलत होती. दोन वर्षांत निदान 365 दिवस बाहेर काम करून, काम संपवून आलेल्याला वापरलेले घरसामान 75,000 रुपयांपर्यंत माफ. आमची भांडी, ब्लँकेटे, शिलाई मशीन त्यात बसले. कपडे धुण्याचे मशीन बसेना. ते मोठ्या सवलतीच्याच यादीत होते. अधिकाऱ्यांनी त्याची किंमत 12,000 धरली आणि 36.05 टक्क्यांनी 4,326 रुपये ड्युटी काढली.

मी ते चार कागद पिशवीत घेऊनच गेले होते. त्यात लिहिले होते की खास कारण असेल तर सहा महिन्यांवरचे दिवस कस्टमचे कमिशनर माफ करू शकतात. दवाखान्याचे सगळे कागद, मृत्यूचा दाखला, मी सारे जपून ठेवले होते. मी म्हटले, अर्ज करू. क्लिअरिंग एजंट म्हणाला, चार-पाच खेपा होतील, तोवर गोदामाचे भाडे चढेल, त्यापेक्षा भरून टाका. त्याचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. अंथुर्ण्याहून मुंबईची एक खेप म्हणजे दोन दिवसांची रोजी आणि एस.टी.चे भाडे.

पण ह्यांनी भाड्याचा हिशोब केलाच नाही. अर्जात काय लिहायचे ते एजंटाने सांगितले, की इतके दिवस जास्त राहिलो ते माफ करावेत, आणि हे एकदम उठले. म्हणाले, "आईजवळ राहिलो त्याची माफी मागू का? भरतो पैसे." आणि भरले.

टेम्पोत बसल्यावर मी भांडले, खोटे कशाला सांगू. मी म्हटले, माफी ती वेगळी आणि ही वेगळी. नियमातच तसे कलम आहे, म्हणजे असे प्रसंग माणसावर येतात हे नियम करणाऱ्यालाही ठाऊक होते. बाबासाहेबांचीही शिष्यवृत्तीची मुदत 1917 मध्ये संपली तेव्हा त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेतली, आणि 1920 साली ते परत गेले. तिला कोणी भीक म्हणेल काय? हे गप्प राहिले. भिगवण येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला अजून वाटते की आमचे 4,326 रुपये नाहक गेले. ह्यांना तसे वाटत नाही, आणि या एका गोष्टीवर आमचे आजवर एकमत झालेले नाही.

हे सगळे 2010 चे. ऑगस्ट 2013 मध्ये सपाट पडद्याचा टीव्ही नेहमीच्या माफीतून काढला, तेव्हा आमच्या शेजारच्या वाडीतल्या एकाला विमानतळावरच पैसे भरावे लागले. 1 एप्रिल 2016 पासून 1998 चे नियमच गेले. त्या वेळी दोन वर्षे राहून आलेल्याची मर्यादा 5 लाख आणि वर्षभर राहिलेल्याची 2 लाख ठेवली गेली. पुतण्याला म्हणून सांगितले की ऐकीव आकड्यावर विसंबू नको, तिकीट काढशील त्या आठवड्यात कस्टमचा चालू नियम छापून घे. पासपोर्टचे शिक्के आजच मोज. जहाजाने सामान टाकणार असशील तर वापरलेल्या वस्तूंची पावती ठेव, आणि ते किती दिवसांत पाठवायचे तेही विचारून घे. आमच्या वेळी आपण उतरल्यापासून महिन्याच्या आत पाठवावे लागे.

तो म्हणाला, "काकी, अण्णांच्या डायलिसिससाठी मी ह्या वर्षी दोनदा येऊन गेलोय, दिवस बरेच झालेत." मी काही बोलायच्या आत ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दवाखान्याचे कागद फेकू नकोस," हे म्हणाले. "सगळे एका पिशवीत घाल आणि अर्ज कर. काकी लिहून देईल."