सौ. घानाला निघाली

आमची सौ. पुण्याबाहेर फारशी कधी पडली नाही. आणि आता निघाली ती थेट पश्चिम आफ्रिकेत, घानाला! लेकीचं पहिलं बाळंतपण आक्रात. माझं हृदय डॉक्टरांच्या ताब्यात, म्हणून मी घरीच. त्या देशाचं जुनं नाव गोल्ड कोस्ट, तो १९५७ साली स्वतंत्र झाला, वगैरे मी हौसेनं वाचून दाखवलं. डिंक निवडता निवडता तिनं विचारलं, "तिकडं अळीव मिळतात का?"

खरी अडचण लशीची. पीतज्वराची लस टोचल्याच्या दाखल्याशिवाय तिथं पाऊल ठेवता येत नाही, आणि तो दाखला टोचल्यावर १० दिवसांनी लागू होतो. डॉक्टरांनी वय विचारलं. ६३! साठीनंतर ही लस क्वचित अंगावर उलटते, विचार करून ठरवा, म्हणाले. मी तत्काळ "राहू दे" म्हटलं. (नवऱ्यांचं धैर्य हे असं!) सौ.नं दंड पुढं केला.

चौथ्या दिवशी तिचं अंग कणकणलं. रात्री तीनदा उठून मी कपाळाला हात लावून पाहिला. चौथ्यांदा ती म्हणाली, "अहो, झोपू द्या की!"

ते दहा दिवस उलटले. मच्छरदाणी, मेतकूट, लाडू, जुन्या सुती साड्यांची दुपटी, सारं बांधून झालं. तिकडं म्हणे वारावरून नाव ठेवतात. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. तेव्हापासून सौ. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून बसली आहे. आणि शुक्रवारी मुलगी झाली तर काय, ते विचारून घ्या, म्हणून माझ्या मागं लागली आहे.