एवढी पात संपवा अन् जा



संकट डोक्यावर असताना माणसांना राबवणारा मालक म्हटला की आपल्याला कारखानदार आठवतो. मीही तसाच समजत होतो. दोन वर्षांमागे, दसऱ्याच्या आधी, त्या मालकांत माझाही नंबर लागला. ती हकिगत तुम्हाला सांगतो.

चार एकर सोयाबीन वाळून शेंगा तडकायला आल्या होत्या. परतीच्या पावसाचा भरवसा नव्हता. मजूर मिळेनात, म्हणून आदल्या रात्री दारोदार फिरून आठ बायका ठरवल्या. दुपारपर्यंत निम्म्याच्या वर रान काढून झाले. तीनच्या सुमारास आभाळ काळेभोर होऊन आले अन् गडगडायला लागले. सगळ्यांत वडीलधाऱ्या आक्कांनी कंबर सरळ करून विचारले, ‘‘दादा, लई आभाळ आलंय. जावं का घरला?’’

मी रागावलो नाही. उलट अजिजीने म्हणालो, ‘‘आक्का, एवढी पात संपवा अन् जा. भिजलं तर माझं वर्षाचं जाईल.’’ बायका पुन्हा वाकल्या.

टपोरे थेंब सुरू झाले तेव्हा मीच ओरडलो, ‘‘लिंबाखाली चला!’’ त्या विळे घेऊन बांधाकडे निघाल्या. पन्नास पावले राहिली असतील, तोच डोळे दिपले, कान बधिर झाले. कडुलिंबाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत सोलून निघाली होती. खाली आक्कांची शेळी बांधलेली होती. ती पाय ताणून पडली होती.

दुसऱ्या दिवशी शेळीचे पैसे घेऊन मी आक्कांच्या घरी गेलो. म्हणालो, ‘‘आक्का, सरळ निघून जायचं होतं तुम्ही.’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘निघालो असतो तर अर्धी हजेरी गेली असती, दादा. अन् पुढच्या सुगीला आमच्या दारात कोण आलं असतं?’’

हे उत्तर काही केल्या मनातून जाईना. मग मला अमेरिकेतली एक बातमी आठवली. केंटकी राज्यात मेफिल्ड नावाचे गाव आहे. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री तिथल्या मेणबत्तीच्या कारखान्यात शंभरावर माणसे पाळीवर होती. नाताळ तोंडावर, मालाची घाई. टोर्नाडो म्हणजे वावटळीसारखे गरगरत येणारे भयंकर तुफान. त्याचा इशारा देणारे भोंगे आधीच वाजले होते. घरी गेलात तर नोकरी जाईल, असे आपल्याला बजावल्याचे काही कामगारांनी पुढे सांगितले. कंपनीने ते नाकारले. पण तुफानाने कारखाना भुईसपाट केला आणि नऊ कामगार गेले. बातमी वाचताना मी त्या मालकाला शिव्या दिल्या होत्या. माझी घाई आणि त्याची घाई, फरक तो कितीसा?

आपल्या देशात २०२२ साली विजेने २,८०० वर माणसे मेली. ही माणसे बहुतेक खेड्यांतली, उघड्या रानात काम करणारी असतात. म्हणून सुगीत एवढे पाळा. वीज चमकल्यापासून आकडे मोजा. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर काम तिथेच थांबवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास रानात पाऊल टाकू नका. आसरा पक्क्या घराचा किंवा काचा लावलेल्या जीपचा घ्या. झाड, उघडे पत्र्याचे शेड, तारेचे कुंपण, विहिरीवरची मोटार यांपासून दूर राहा. काहीच आसरा नसेल, तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे होऊ नका. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला बेलाशक हात लावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन करा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर घ्या. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवते.

पण हे सगळे माहीत असूनही मजूर आपल्या तोंडाकडेच बघतो. तो ‘जाऊ का’ म्हणून विचारील याची वाट पाहू नका. ‘निघा’ हा शब्द आपणच आधी काढला पाहिजे, आणि त्या दिवसाची हजेरी पुरी दिली पाहिजे. हजेरी कापली, तर तुमच्या ‘निघा’ला काही अर्थ नाही.

गेल्या सुगीत मी दोनदा काम थांबवले. एकदा थेंबही पडला नाही, शेजारी हसले. दुसऱ्यांदा अर्ध्या एकराचे सोयाबीन भिजले, काळे पडले, भाव कमी मिळाला. घरात थोडी कुरकुर झाली. पण आठही बायका संध्याकाळी आपापल्या चुलीपुढे होत्या. आक्कांनी आता दुसरी शेळी घेतली आहे. यंदा सोंगणीला त्यांनीच होऊन विचारले, ‘‘दादा, कधी यायचं?’’