बॅटिंग घेताना

टॉस जिंकल्यावर कर्णधाराला एका शब्दात उत्तर द्यायचं असतं. बॅटिंग किंवा फिल्डिंग. नियमाप्रमाणे टॉस सामना सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात, पण निदान पंधरा मिनिटं आधी उरकावा लागतो, आणि समोरच्या कर्णधाराला एकदा निर्णय सांगितला की तो फिरवता येत नाही. याच नियमावलीत आणखी एक अट आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अकरा खेळाडूंची लेखी यादी टॉसच्या आधी द्यावी लागते. यादी आधी, नाणं मागून. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पडेगावात क्लबची टीम सांभाळता सांभाळता माझं सगळं मत या क्रमावर येऊन पक्कं झालं. बॅटिंग घ्यायची की नाही हे खेळपट्टी सांगते, असं आपण धरून चालतो. खेळपट्टी निम्मंच सांगते. उरलेलं निम्मं त्या यादीत असतं.

मी बॅटिंग घेणारा कर्णधार आहे. सकाळी गवतावर दव असलं, आभाळ भरून आलेलं असलं, तरी माझा कल तिकडेच असतो. त्यामागे काय विचार असतो, तो आज नीट मांडून बघतो.

आधी खेळपट्टी. छावणी ओलांडून नाशिक रस्त्याने मिटमिट्याकडे, पुढे दौलताबादकडे निघालं की जमीन कशी आहे ते डोळ्यांना दिसतं. वर पातळ माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. अशा ठिकाणी टर्फची विकेट राखायची तर पाणी लागतं, आणि मराठवाड्यात मार्चनंतर पाणी आधी घरांना पुरवावं लागतं. म्हणून आम्ही मॅटिंगवर वाढलो. मुरूम पाणी मारून, रोलर फिरवून दाबायचा, त्यावर काथ्याची मॅट अंथरायची, दोन्ही बाजूंनी पोरांनी ओढून धरायची आणि कडेने लांब खिळे ठोकायचे. टॉसला जाण्याआधी मी मॅटच्या कडेखाली बुटाचं टोक घालून ती उचलून बघतो. जेमतेम नख शिरेल एवढीच उठली तर मॅट ताणलेली आहे. नवा चेंडू छातीपर्यंत येणार. दोन बोटं उठली तर ढिली आहे; स्पिनरचा चेंडू काथ्याला धरणार आणि वळणार. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सकाळी ताणलेली मॅट दुपारी तशी राहत नाही. बॉलरच्या पायांनी खिळे हलतात, क्रीजजवळ सुरकुत्या पडतात. म्हणजे सकाळी उसळी आणि दुपारी वळण. तुमच्या यादीत दोन चांगले स्पिनर असतील, तर पहिल्या तासाची उसळी सोसून दुपारचं वळण आपल्याकडे ठेवण्यात शहाणपण आहे.

शहरातल्या टर्फच्या विकेटवर हिशोब थोडा बदलतो. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते. सकाळी अंगठा दाबला आणि ठसा उमटला, तर तासभर चेंडू हलणार, कधी थांबून येणार. ठसा उमटला नाही आणि भेगांच्या कडा बोटाने सुटायला लागल्या, तर दुपारी त्याच भेगांवरून चेंडू खाली राहणार. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो. अवघड वेळ या सामन्यात कधी येणार आहे, आणि ती कुणी झेलायची?

दुसरी बाजू माणसांची. आमच्या टीममधली बरीच पोरं वाळूजच्या कंपन्यांत कामाला आहेत. थर्ड शिफ्ट करून सकाळी सुटायचं, घरी डबा टाकायचा, किट उचलायचं आणि नऊच्या मॅचला हजर व्हायचं. त्यांत माझा पहिला फास्ट बॉलर असतो. रात्रभर मशीनवर उभा राहिलेल्या पोराच्या हातात नऊ वाजता नवा चेंडू द्यायचा, की त्याला लिंबाखाली किटबॅग उशाला घेऊन दोन तास झोपू द्यायचं? आम्ही बॅटिंग घेतो तेव्हा तो झोपतो. साडेबाराला उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि मग जो रनअप घेतो, तो त्याचा खरा रनअप असतो. टीव्हीवर पीच रिपोर्ट सांगणाऱ्याला हे कारण सुचणार नाही. आमच्याकडे ते खेळपट्टीइतकंच मोठं आहे.

उन्हाचं उलटं आहे, तेही सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये बॅटिंग घेतली की आपल्या पोरांना भर दुपारी चाळीस ओव्हर फिल्डिंग करावी लागते. वरून ऊन आणि खालून मुरमाचा ताव. बॅटिंग करणाऱ्या टीमचे मात्र दोघंच उन्हात असतात, बाकीचे सावलीत. बारावा-तेरावा खेळाडू आलेला नसेल, यादीतले दोघं आजारातून नुकते उठलेले असतील, तर मी मे महिन्यात फिल्डिंगही घेतो. इथेसुद्धा निर्णय यादीच करते.

तिसरी गोष्ट पाठलागाची. आमची पोरं टेनिस बॉलच्या आठ-आठ ओव्हरच्या स्पर्धांतून आलेली. तिथे समोर आकडा असला की हात मोकळे होतात. लेदर बॉलच्या चाळीस ओव्हरमध्ये मात्र तोच आकडा मानगुटीवर बसतो. मोठा फलक नसतो. बॅट्समन स्कोअररच्या टेबलाकडे बघून ‘किती झाले?’ म्हणून ओरडून विचारतो, आणि उत्तर ऐकून पुढच्याच चेंडूवर आडवी बॅट घालतो. पहिल्यांदा खेळताना तो आकडा आपण लिहीत असतो. तरुण टीमला धीराने खेळायला शिकवायचं असेल, तर कोरी पाटी तिच्या हातात द्यावी.

या तिन्ही गोष्टी एकत्र कशा येतात ते पाहायचं असेल, तर मी पोरांना नेहमी हेडिंग्लेच्या 2002 च्या कसोटीकडे नेतो. ऑगस्टचा शेवट, लीड्सचं भरलेलं आभाळ, ओलसर हिरवट खेळपट्टी. मालिकेत भारत 0-1 ने मागे. सौरव गांगुलीने टॉस जिंकला आणि बॅटिंग घेतली. अशा हवेत तिथे कुणीही फिल्डिंग घेतली असती. पण त्याची यादी बघा. अनिल कुंबळे आणि हरभजन सिंग, दोघंही संघात. इंग्लंडमध्ये, त्यातही लीड्सला, दोन स्पिनर. दोन स्पिनर घेऊन उतरलेल्या कर्णधाराला चौथ्या-पाचव्या दिवशी बॉलिंग हवीच असते. म्हणजे बॅटिंगचा निर्णय टॉसच्या आधीच, यादी लिहितानाच घेतला गेला होता. नाण्याने फक्त परवानगी दिली.

आणि यादीत आणखी एक नाव होतं, आमच्या जिवाजवळचं. संजय बांगर. बीडमध्ये जन्मलेला, रेल्वेकडून रणजी खेळलेला. 2001 च्या डिसेंबरमध्ये मोहालीला त्याने कसोटीत पदार्पण केलं, त्याच सामन्यात आमच्या औरंगाबादचा फास्ट बॉलर इक्बाल सिद्दीकीही पहिल्यांदा खेळला. मराठवाड्याची दोन पोरं एकाच कसोटीत! लीड्सला बांगरला वीरेंद्र सेहवागबरोबर सलामीला पाठवलं. सेहवाग आठ धावांवर गेला, धावफलकावर जेमतेम पंधरा. तिथून बांगर आणि राहुल द्रविड यांनी 170 धावांची भागीदारी केली. बांगरच्या 68. दिवसअखेर भारत दोन बाद 236.

पुढचं सगळ्यांना आठवतं. द्रविड 148, सचिन तेंडुलकर 193, गांगुली 128, आठ बाद 628 वर डाव घोषित, आणि एक डाव 46 धावांनी विजय. कुंबळेने सामन्यात सात बळी घेतले. लोकांना तिघांची शतकं पाठ असतात. मी पोरांना पहिल्या दिवसाबद्दल विचारतो. सचिन खेळायला आला तेव्हा चेंडू जुना झाला होता, बॉलर दमले होते. तो चेंडू जुना कुणी केला? द्रविडने, आणि बीडच्या माणसाने. कितीतरी चेंडू त्याने नुसते सोडून दिले, कितीतरी अंगावर घेतले. त्या 68 धावांनी गांगुलीचा निर्णय बरोबर ठरवला. शतकांनी त्याचा फायदा घेतला.

म्हणून मी म्हणतो, बॅटिंग घेणं हा आपल्या दोन सलामीवीरांना दिलेला शब्द असतो. कर्णधार त्यांना सांगत असतो की आज सगळ्यात अवघड तास तुमच्याकडे सोपवतोय, कारण तो तुम्हाला झेपेल.

याची उलट बाजू त्याच कर्णधारांच्या हातून लवकरच दिसली. लीड्सला टॉस हरलेला नासिर हुसेन नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला टॉस जिंकला आणि त्याने ऑस्ट्रेलियाला बॅटिंग दिली. पहिल्या दिवसाच्या शेवटी ऑस्ट्रेलिया दोन बाद 364. मॅथ्यू हेडनच्या पहिल्या डावात 197 आणि दुसऱ्यात आणखी एक शतक. मग 23 मार्च 2003, जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना. गांगुलीने टॉस जिंकून फिल्डिंग घेतली. हवेत ओलावा होता, त्यामुळे कारण समजण्यासारखं होतं. ऑस्ट्रेलियाने 50 ओव्हरमध्ये दोन बाद 359 केल्या, रिकी पाँटिंग नाबाद 140, आणि आपण 125 धावांनी हरलो. या दोन्ही निर्णयांमागे खेळपट्टीचं वाचन होतं. माझ्या मते त्यात समोरच्या बलाढ्य बॅटिंगचा विचार आपल्या माणसांच्या विचारापेक्षा थोडा जास्त झाला. 1996 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातही तसंच घडलं. दिल्लीला श्रीलंकेने आपल्या 271 धावांचा सहज पाठलाग केला होता, म्हणून ईडन गार्डन्सवर मोहम्मद अझरुद्दीनने टॉस जिंकून त्यांना आधी खेळवलं. त्यांच्या 251 झाल्या, दुसऱ्या डावात खेळपट्टी फुटली, चेंडू हातभर वळू लागला आणि आपण आठ बाद 120 वर थांबलो. विनोद कांबळी डोळे पुसत परतला, ते दृश्य माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

पण बॅटिंग घेतली की सगळं सुरळीत होतं, असं मी कुणाला शिकवत नाही. तेच हेडिंग्ले, तोच ऑगस्ट, साल 2021. विराट कोहलीने टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि भारत 78 धावांत बाद. रोहित शर्मा 19, अजिंक्य रहाणे 18, बाकी कुणाच्या दोन आकडी धावा झाल्या नाहीत. जेम्स अँडरसनने सहा धावांत पहिले तीन बळी घेतले. सामना एक डाव 76 धावांनी गेला. मैदान तेच, निर्णय तोच, आणि दोन निकालांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून निकालावरून निर्णयाची परीक्षा करू नये. नाणं पडलं त्या क्षणी कर्णधाराजवळ कारण होतं का, ते कारण त्याच्या यादीशी जुळत होतं का, एवढंच बघावं. ती परीक्षा पास झाली, तर 78 नंतरही मान वर ठेवून प्रेझेंटेशनला उभं राहता येतं.

आता टीमचा कारभार हळूहळू पुढच्या पोरांकडे जातो आहे. टॉसला जाणारा मुलगा मला विचारतो, ‘दादा, काय घेऊ?’ मी उत्तर देत नाही. त्याला यादी वाचायला सांगतो. सलामीला कोण, त्यांची गेल्या आठवड्यातली प्रॅक्टिस कशी झाली, रात्रपाळी कुणाची आहे, दुपारी चेंडू कुणाच्या हातात द्यायचा आहे. एवढं वाचून झालं की त्याचं त्यालाच कळतं.

खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्याला पंधरा मिनिटंच मिळतात. बॅटिंग सांगून परत आल्यावर कर्णधाराने सगळ्यात आधी सलामीच्या दोघांजवळ जावं. पॅडचे पट्टे बांधत असतात ते. त्यांच्याजवळ खाली बसावं आणि बॅटिंग का घेतली ते सरळ सांगावं. मग एक आकडा द्यावा. ‘दहा ओव्हरमध्ये तीस झाल्या तरी मला चालतील, विकेट मात्र एकच जाऊ दे.’ हा आकडा फार महत्त्वाचा. त्याच्याशिवाय ओलसर मॅटवर चार मेडन खेळलेला पोरगा पाचवीत घाबरून उचलतो, कारण बाहेरचे सगळे आपल्या नावाने बोटं मोडत असतील असं त्याला वाटतं. कर्णधाराने तीस मान्य केल्यावर त्याला सोडलेला प्रत्येक चेंडू कमाई वाटतो. त्यानंतर तीन नंबरवाल्याला पॅड बांधून बसायला सांगावं, आणि त्याच्याशेजारी स्वतः बसावं.

दुसऱ्याच ओव्हरला विकेट गेली तरी तिथून उठू नये. बाद होऊन येणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा. बाहेर कुणी म्हणालंच की फिल्डिंग घ्यायला हवी होती, तर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं, निर्णय माझा होता. आपल्या माणसांच्या भरवशावर आपण अवघड वेळ मागून घेतली असेल, तर ती वेळ त्यांच्यासोबत काढायची ताकदही आपल्यात हवी. ही ताकद ज्याच्यात आहे, त्याने टॉस जिंकावा आणि बेधडक बॅटिंग घ्यावी.